काकडांचा पातळ रस

शेवळांची भाजी मी स्वतः खात नाही. कुणी विचारलं तर सांगते, "माझ्या घशाला सोसत नाही." नवऱ्याला लग्नाच्या पहिल्या वर्षीच तसं सांगून टाकलं, आणि तो बिचारा तेव्हापासून जूनमध्ये माझ्यासाठी वेगळं वरण ठेवायची आठवण करून देतो. मुलगा, सून, कामाला येणाऱ्या दोघी — सगळे तेच धरून चालतात. माझ्या घशाला काही झालेलं नाही. तो चांगला ठणठणीत आहे, बाजारात हाक मारली तर एसटी स्टँडपर्यंत ऐकू जाते. तर ही पहिली कबुली. अगदी बारकी. हिच्यामागे जी आहे ती मात्र या तोंडातून कधी बाहेर आलेली नाही, आणि आताही मी ती बोलत नाहीये — लिहितेय. बोलायला बसले असते तर मध्येच उठून गॅस बंद करायला गेले असते.

तुम्ही मला ओळखत नाही म्हणून तुम्हाला सांगणं सोपं. की ओळखता? शहापूरला बाजाराच्या अंगाला आमची खानावळ आहे. जून उजाडला की दारातल्या फळ्यावर मी खडूनं "आज शेवळं" असं लिहिते, आणि हायवेनं जाणारी ठाण्या-कल्याणची माणसं गाड्या आत वळवतात. त्यातले असाल तर माझ्या हातचं जेवला आहात. तुमचा घसा खवखवला नसेल. त्याची मी काळजी घेते.

ज्यांनी शेवळ पाहिलंच नाही त्यांच्यासाठी एवढंच सांगते. आमच्याकडच्या रानात पाऊस लागायच्या सुमारास जमिनीतून एक कोंब वर येतो. वाडीवरच्या ठाकर बाया तो खुडून, जुड्या बांधून बाजारात आणतात. वालाबरोबर शिजवला तर लोक मटणाचं ताट बाजूला सारतील अशी चव. पण जात खाजरी. नीट केली नाही तर घसा असा खाजतो की माणूस पाणी पिऊन पिऊन बेजार होतो. त्यावर औषध एकच — काकडं. काकडी नव्हे हो! काकडाचं झाड असतं, त्याला बोराएवढी हिरवी आंबट फळं लागतात. ती ठेचून त्यांचा दाट रस भाजीत घालायचा, म्हणजे खाज मरते. म्हणून जुडीबरोबर मूठभर काकडं देतातच. आमच्या भागात पोरासोरांनाही हे ठाऊक असतं. मलाही होतं. तेरा वर्षांची होते तेव्हाही होतं.

तीन वर्षांमागे एक मुलगी मोबाइल घेऊन आली, माझी भाजी कशी होते त्याचा व्हिडिओ करायला. चुणचुणीत होती. मी तिला दाखवलं — वरचं साल कसं सोलायचं, आतला पिवळा दाणेदार भाग तेवढा काढून कसा टाकायचा, कारण सगळ्यात खाजरा तोच. तिनं विचारलं, "हे तुम्ही कुणाकडून शिकलात?" मी म्हणाले, "सासूबाईंकडून." माझ्या सासूबाई भिवंडीकडच्या, आयुष्यात शेवळाला हात लावला नाही त्या माउलीनं. पण तोंडातून निघालं ते निघालं, आणि तो व्हिडिओ कुठे कुठे फिरला.

मी शिकले ती चांगुणाकडून. माझ्या वर्गातली चांगुणा. हे नाव मी पहिल्यांदाच लिहितेय. नाही, दुसऱ्यांदा. पहिल्यांदा लिहिलं ते मोबाइलवर, गेल्या मार्गशीर्षात.

आमच्या सातवीच्या वर्गाचा व्हॉट्सअॅप ग्रुप आहे. कुणी रिटायर झालं, कुणाची मुलगी डॉक्टर झाली, असलं चालतं त्यावर. त्या दिवशी सकाळी मी भाकऱ्यांचं पीठ मळत होते आणि मोबाइल शेजारी वाजला. गावातच राहिलेल्या एका वर्गमित्रानं लिहिलं होतं, "आपल्या वर्गातली खाजरी वारली. पोटाच्या दुखण्याने. दहावा रविवारी." खाली पटापट जोडलेले हात आले. फुलं आली. मग पुण्याला असलेल्या एकीनं विचारलं, "अरे, तिचं खरं नाव काय होतं?"

कुणालाच आठवेना. एक म्हणाला भिमी असेल. एक म्हणाला यमुना, नक्की यमुना. तासभर हे चाललं होतं आणि मी पिठाच्या हातांनी ते वाचत होते. मला माहीत होतं. तिच्या बाकावर मी तीन वर्षं बसले, मला नसेल माहीत? तरी मी लिहिलं नाही. लिहिलं तर कुणीतरी म्हणेल की सुनंदाला बरं आठवतं, आणि मग विचारेल, अगं तुझी मैत्रीण ना ती, तिला खाजरी का म्हणायचे गं? दुपारची जेवणं उरकली, भांडी झाली, पार चार वाजले. मग एकच शब्द टाइप केला — चांगुणा. कुणी काही विचारलं नाही. तोवर ग्रुपवर कुणाच्या तरी नातवाचा वाढदिवस सुरू झाला होता.

आता तुम्हीच विचाराल. खाजरी का?

सांगते. पण सरळ जाता येत नाहीये मला. थोडं गावाकडून यावं लागेल.

आमचं गाव शहापूरहून मुरबाडकडे जाताना आत. वडिलांची भाताची खाचरं होती, गावात शब्दाला मान होता. शाळा सातवीपर्यंत. चांगुणा वर डोंगराच्या कडेच्या वाडीवरून यायची, पाऊण तास चालून. त्या वाडीची माणसं दिवाळी झाली की वीटभट्टीवर निघून जात ती पार होळीनंतर परतत, आणि पोरंही आईबापाच्या मागे जात. त्यामुळे वाडीवरचं पोर चौथीच्या पुढे सहसा टिकत नसे. चांगुणा टिकली. तिनं आईला सांगितलं होतं, मी आजीजवळ राहीन पण भट्टीवर येणार नाय. सातवीपर्यंत पोहोचलेली वाडीवरची ती पहिली. गणितात माझ्या पुढे. माझ्याच काय, सगळ्यांच्याच पुढे. आणि मला तिचा हेवा वाटायचा का? नाही — खरंच नाही. तेवढं तरी कारण असतं तर मला बरं वाटलं असतं. मला ती आवडायची. शाळेतून परतताना ती मला रानाच्या कडेनं न्यायची, शेवळ कुठे उगवतं ते दाखवायची, सोलायला शिकवायची. "हे पिवळं टाक गो, हे ठेवलंस तर रातभर नाचशील," असं म्हणून स्वतःच गळा धरून नाचून दाखवायची.

सातवी सुरू झाली त्या जूनमध्ये शाळेची नवी खोली तयार झाली. उद्घाटनाला तालुक्याचे एक मोठे साहेब येणार ठरले. आमचे गुरुजी घाटावरचे. त्यांना आमच्या रानभाज्यांचं भारी कौतुक, आणि चांगुणाचं त्याहून जास्त. सातवीनंतर तिला तालुक्याच्या वसतिगृहात घालायचं, पुढं शिकवायचं, हे त्यांनी मनात घेतलं होतं. त्यासाठी साहेबांचा शब्द लागणार होता. म्हणून त्यांनी बेत केला. साहेबांना जेवायला शेवळांची भाजी द्यायची, ती चांगुणानंच आणायची, तिनंच करायची, आणि जेवण झालं की तिला पुढे उभी करून सांगायचं की साहेब, ही मुलगी. आम्हाला सगळ्यांना हे ठाऊक होतं. चांगुणानं मला विचारलंसुद्धा होतं, वसतिगृहात न्यायची पेटी केवढी असते गो?

शेवळं तोवर सरत आली होती. दोन दिवस रान पालथं घालून तिनं साहेब आणि बरोबरच्या पाचसहा जणांपुरती गोळा केली. त्या सकाळी शाळेच्या मागच्या पडवीत चुली मांडल्या होत्या. गावातल्या बाया भात आणि भाकऱ्या करत होत्या, चांगुणा एका कोपऱ्यात शेवळं चिरत बसली होती. आणि काकडं आणायचं काम माझ्याकडे होतं. माझ्याकडे. आमच्या खाचराच्या बांधावर काकडाचं झाड होतं, म्हणून ती मला म्हणाली होती, "दोन ओंजळी आन गो सुनंदे, आनि ठेचूनच आन. दाट रस पायजे."

मी दोन ओंजळी तोडल्या. ते मी केलं होतं. फ्रॉकच्या ओच्यात घेऊन निघाले. वाटेत ओढ्यावर चुलतभाऊ भेटले, ते पलीकडच्या कातळावर दगड मारत होते. माझ्या ओच्यात दगडांहून चांगला माल होता. बसला नेम की काकड फुटून हिरवा डाग उठायचा. मजा आली. सांगायला लाज वाटते, पण फार मजा आली. भानावर आले तेव्हा ओच्यात सातआठ काकडं उरली होती.

परत जायला वेळ होता का? होता. झाड काही कोसावर नव्हतं. पण मला साहेबांना ओवाळायचं होतं. आईनं सकाळी तेल लावून दोन वेण्या घट्ट वळून दिल्या होत्या, लाल रिबिनी बांधल्या होत्या, फ्रॉक नवा. हाताला येणारी काकडं मघाशीच तोडून झाली होती, आता झाडावर चढले तर रिबिनी सुटतील, डाग पडतील. म्हणून मी घरी गेले, ती सातआठ काकडं पाट्यावर ठेचली, त्यात काकडांबरोबर ओच्यात आलेला थोडा पाला ठेचला — रंग यावा म्हणून — आणि वर पाणी ओतलं. वाटी काठोकाठ भरली. हिरवीगार दिसत होती. ती वाटी मी तिच्या हातात दिली.

तिनं वाटी हलवून पाहिली. मला तो हात अजून दिसतो. म्हणाली, "पातळ कसा गो रस?"

मी म्हणाले, "यंदा काकडंच तशी हायत."

तिनं माझ्याकडे पाहिलं आणि ओतला भाजीत. माझ्यावर विश्वास होता म्हणून ओतला, की दुसरा रस आणायला वेळ नव्हता म्हणून? हा प्रश्न मी इतकी वर्षं विचारत आलेय, आणि खरं सांगू, तो विचारणं हीसुद्धा एक पळवाटच आहे. दोन्हीकडून रस माझाच होता.

साहेब आले. मी ओवाळलं, रिबिनी जागच्या जागी होत्या. नव्या खोलीची फीत कापली. भाषणाआधी जेवणं उरकायची ठरली, कारण त्यांना पुढे जायचं होतं. मी तांब्या घेऊन पाणी वाढायला उभी. गुरुजी म्हणाले, साहेब, आधी ही भाजी चाखा. साहेबांनी दोन घास खाल्ले, छान आहे म्हणाले, तिसरा घेतला. मग खाकरले. मग पाणी मागितलं. मी वाढलं. पुन्हा मागितलं. तोवर पंगतीतले बाकीचेही गळ्याशी हात नेऊ लागले आणि गावातला एक म्हातारा भाकरी खाली ठेवून मोठ्यानं म्हणाला, "काकडं नाय टाकली काय रे कुनी?"

गुरुजींचा चेहरा उतरला. त्यांनी पडवीच्या दाराकडे पाहिलं. चांगुणा तिथे उभी होती, पदरासारखी ओढणी खोचलेली, हातात पळी. त्यांनी विचारलं, "चांगुणा, काकडांचा रस घातला होतास ना?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. नुसतं पाहिलं, बाकी काही नाही — आता ही सांगेल, अशा खात्रीनं. जशी वर्गात मला उत्तर येत असलं की माझ्याकडे बघायची तशी.

आणि मी सांगितलं. मी म्हणाले, "मी वाटी भरून रस दिला होता गुरुजी. चांगुणा घालायला विसरली असेल."

हे आहे. हेच आहे ते. एवढी पानं खर्ची घातली ती या दोन वाक्यांपर्यंत यायला. कुणी मला धमकावलं नव्हतं, मारणार नव्हतं. वडील पंगतीतच बसले होते, फार तर रागावले असते. मी म्हणाले असते, "गुरुजी, रस पातळ होता," तरी पुरलं असतं, माझं नावही घ्यावं लागलं नसतं. पण तांब्या हातात होता, रिबिनी नीट होत्या, सगळे माझ्याकडे बघत होते आणि मला फक्त एवढंच वाटलं की त्यांनी माझ्याकडे बघायचं थांबवावं. त्यांनी थांबवलं. सगळ्या माना तिच्याकडे वळल्या.

ती का नाही बोलली? ती बोलली असती तर कुणी ऐकलं असतं? माझे वडील पंगतीत, तिचे दारात येऊन बसणारे. तेराव्या वर्षी मला एवढं कळत नव्हतं असं मी म्हणणार नाही. मला कळत होतं. तेवढ्यावरच तर मी बोलले.

साहेब भले होते. "पोरं आहेत, चालायचंच," असं म्हणाले. पण घसा बसला होता, भाषण चार वाक्यांत संपलं आणि ते गाडीत बसले. चांगुणाला कुणी पुढे उभी केली नाही. गुरुजींनी नंतरही तो विषय काढला नाही. त्यांच्या अब्रूचा प्रश्न झाला होता, आणि त्यांनी ती पोरगी मनातून काढून टाकली. जाताना तिला एवढंच म्हणाले, "एवढं एक काम दिलं होतं."

इथे थांबता आलं असतं. मला थांबता आलं असतं, म्हणतेय मी. पण दुसऱ्या दिवशी सकाळी ती शाळेच्या फाटकातून येताना दिसली. ती आता येईल, माझ्यासमोर उभी राहील, पोरांच्या देखत विचारेल. तिच्या तोंडातून काही निघायच्या आत मी ओरडले, "खाजरी आली रे, खाजरी!"

पोरं हसली. मधल्या सुट्टीपर्यंत ते नाव सगळ्या शाळेत झालं. हे नाव मी ठेवलं. ग्रुपवर आज सगळ्यांना वाटतं ते त्या म्हाताऱ्यानं ठेवलं, एकाला वाटतं गुरुजींनी. दोघेही आता हयात नाहीत. मी दुरुस्त केलेलं नाही.

ती शनिवारपर्यंत आली. बाकावर माझ्या शेजारीच बसली, जागा बदलली नाही. मला म्हणाली काही नाही. सोमवारी आली नाही. दिवाळीनंतर वाडीची माणसं भट्टीवर निघाली, त्यांत डोक्यावर बोचकं घेऊन तीही होती. मी खाचराच्या बांधावरून पाहिली. काकडाच्या झाडाखालूनच.

पुढचं थोडक्यात. तिचं लग्न मुरबाडकडच्या एका वाडीत झालं, माझं शहापूरला. खानावळ सुरू केली त्याच्या पहिल्या जूनमध्ये बाजारात शेवळं घ्यायला गेले. बाया ओळीनं बसल्या होत्या. एकीनं हाक मारली, "सुनंदे, माझ्याकडची घे गो." मी बघतच राहिले. वाळलेली, हातभर हिरव्या बांगड्या, पण डोळे तेच. तीच हसली. म्हणाली, "वळखलं नाय? मी खाजरी."

स्वतःच्या तोंडानं. जणू जन्मापासून तेच नाव असावं तिचं. आणि मी काय केलं? मीही हसले. "अगं बाई, तू होय," म्हणाले. जुड्या घेतल्या. तिनं पिशवीत मूठभर काकडं टाकली, मग आणखी एक मूठ, मग तिसरी. मी म्हणाले, एवढी कशाला? ती म्हणाली, "असूं दे गो. कमी पडाया नको."

त्या वर्षापासून दर जूनमध्ये माझी शेवळं तिच्याकडून. आणि दर वेळी काकडं तीन मुठी. हा टोमणा होता? की माया होती? की नुसती गिऱ्हाईक टिकवायची रीत? मी तिच्या तोंडाकडे बघून ओळखायचा प्रयत्न करायचे, पण तिचं तोंड सरळ होतं. इतकी वर्षं मी तिला नावानं हाक मारली नाही. खाजरी म्हणवत नव्हतं, आणि चांगुणा म्हणायला तोंड नव्हतं. "अगं" एवढ्यावर निभावलं.

एकदा मी तिला खानावळीत चहाला बोलावलं. ती आत येईना, पायरीवरच बसली, मीही पायरीवर बसले. कप हातात होते. दुपारची वेळ, बाजार शांत. मी म्हणाले, "अगं, ते साहेब आले होते ना शाळेत, तेव्हा —" ती माझ्याकडे वळली. आणि तेवढ्यात एक गिऱ्हाईक आलं म्हणून मला उठावं लागलं.

नाही. खोटं कशाला लिहू आता? गिऱ्हाईक आलं नव्हतं. कुणीच आलं नव्हतं. तीच वाट बघत होती, कप खाली ठेवून, आणि मी उठले. आत जाऊन उगाच डबे हलवले. बाहेर आले तर ती कप पालथा घालून निघून गेली होती. कप विसळलेला होता.

दहाव्याला मी गेले नाही. रविवार होता, खानावळीत गर्दी असते, असं घरी सांगितलं. गर्दी असतेच रविवारी. खोटं बोलायला मला कधी फार दूर जावं लागत नाही.

आणि मग या वर्षीचा जून. मी बाजारात गेले. तिच्या जागेवर एक तरणी बाई बसली होती, मांडीवर पोर. चेहऱ्यावरून कळलंच. मी जुड्या उचलल्या तशी ती म्हणाली, "तू खानावळवाली सुनंदामावशी ना? मी रंजना. आईची पोर." मग मागं ठेवलेलं एक वेगळं फडकं तिनं पुढं ओढलं. त्यात काकडं होती, निवडलेली, एकेक टपोरं. सगळी माझ्या पिशवीत ओतली.

मी म्हणाले, "एवढी नको गं."

"नाय मावशे, आईनं दुखन्यात सांगून ठेवलंय. शेवळं कुनालापन दे, पन सुनंदाला काकडं जास्ती घालायची इसरू नको. तिला कमी पडतात." पोराला दुसऱ्या मांडीवर घेत तिनं विचारलं, अगदी साधेपणानं, "का गो मावशे? तुझी भाजी खाजते काय?"

तेव्हा मला कळलं. तिला सगळं माहीत होतं, पहिल्यापासून, आणि तिनं कुणालाही सांगितलं नव्हतं. नवऱ्याला नाही, पोटच्या पोरीला नाही, मरतानाही नाही. स्वतः खाजरी म्हणून जगली आणि माझं नाव झाकून गेली.

रंजना वाट बघत होती. तिच्या आईसारखंच बघत होती. मला फक्त एक वाक्य बोलायचं होतं. आजूबाजूला चार बाया, कुणाचं लक्षही नव्हतं. पंगत नव्हती, साहेब नव्हते, माझ्या केसांत रिबिनी नव्हत्या. पन्नाशी उलटून गेलेली बाई मी.

मी म्हणाले, "काही नाही गं. तुझ्या आईची आपली सवय."

आणि पिशवी उचलून आले. काकडं ठेचली. सगळी. रस दाट निघाला, पळीला चिकटत होता. फळ्यावर "आज शेवळं" लिहिलं. माणसं आली, जेवली, एक बाई हात धुताना म्हणाली की घसा जरासुद्धा खाजला नाही हो, जादू आहे तुमच्या हातात. मी थँक्यू म्हणाले.

रंजनाच्या आईचं नाव चांगुणा होतं. तिनं भाजीत काकडांचा रस घातला होता. तो मी पातळ केला होता.